हँडल इंचभर उंच

(रेडिओवरील भाषण)

गणेशचतुर्थीला चार दिवस उरले, कीं मुंबईहून आणि पुण्याहून चाकरमान्यांची रीघ कोंकणाकडे लागते. एके काळीं ती बोटीनें येई, पुढें एस्. टी. नें आली, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाल्यावर रेल्वेनें येऊं लागली. आणि अलीकडे तिच्यांत एक नवी तुकडी सामील झाली आहे, ती मोटारसायकलस्वारांची. यांतील पुष्कळ तरुणांपाशीं 'स्पोर्ट्‌स' जातीची गाडी असते. पुढें वारा कापणारें चोंचदार आवरण, टांकीवर ओणवें झाल्याखेरीज हातीं न लागणारें ठेंगणें हँडल, आणि मागें उंच चढत गेलेलें आसन. मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतचें अंतर सुमारें ३४० किलोमीटर. तें तोडून हा वीर अंगणांत उतरतो, तेव्हां आईनें पुढें केलेला पाण्याचा तांब्या त्याला एका हातानें धरवत नाहीं. करंगळीला मुंग्या, मनगटांत कळ, मान ताठलेली. वडील म्हणतात, "विकून टाक ती फटफटी." चिरंजीव म्हणतात, "बाबा, हँडल थोडें उंच करून घेतलें, कीं झालें."

श्रोतेहो, आजचें भाषण या 'थोडें उंच' एवढ्या दोन शब्दांविषयीं आहे. हँडल उंच करतां येतें आणि त्यानें आराम पडतो, हें आरंभींच सांगून टाकतों. अखेरपर्यंत उत्तर लपवून ठेवण्यांत कांहीं स्वारस्य नाहीं. परंतु हँडल म्हणजे छत्रीचा दांडा नव्हे. पुढच्या ब्रेकची नळी त्यालाच जोडलेली असते, इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी तार त्यालाच जोडलेली असते, आणि आपला मुलगा आंबा घाट उतरत असतो तेव्हां त्याचा जीव बव्हंशीं या दोन वस्तूंच्या हवालीं असतो. म्हणून 'थोडें' म्हणजे किती, आणि 'उंच' म्हणजे कशाच्या आधारानें, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून पान्याला हात लावूं नये.

हँडल मुळांत ठेंगणें कां केलें, तें आधीं पाहूं. मोटारसायकल जोरानें पळूं लागली म्हणजे तिचा खरा शत्रु रस्ता नव्हे, वारा. अमेरिकेंतील युटा संस्थानांत बॉनव्हिल नांवाचें मिठाचें विस्तीर्ण मैदान आहे. तेथें १९४८ सालच्या सप्टेंबरच्या १३ तारखेस रोलंड फ्री नांवाच्या स्वारानें व्हिन्सेंट कंपनीच्या मोटारसायकलवर ताशीं १५० मैलांहून अधिक, म्हणजे सुमारें २४२ किलोमीटर वेग गांठला. हा वेग गांठतांना तो गाडीवर बसला नव्हता. पालथा पडून, पाय मागें सरळ लांबवून तो गाडीवर निजला होता. अंगांतील कपडेहि वारा अडवितात म्हणून ते उतरवून त्यानें केवळ पोहण्याची चड्डी ठेवली होती. त्याचें तें छायाचित्र जगप्रसिद्ध आहे, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तें थट्टेचें वाटतें. परंतु त्यांतील गणित अगदीं गंभीर आहे. शरीर जितकें आडवें, तितका वाऱ्याला अडथळा कमी.

शर्यतींच्या गाड्यांतील हीच युक्ति पुढें १९५० ते १९७० च्या काळांत इंग्लंडांतील हौशी तरुणांनीं उचलली. रस्त्याकडेच्या कॉफीगृहापासून निघून जोरानें धांवत सुटावयाचें हा त्यांचा छंद होता, आणि त्यापायीं ते गाडीचें मूळचें उंच हँडल काढून टाकीत. त्याच्या जागीं दोन आंखूड दांडे पुढच्या फोर्कच्या नळ्यांनाच दोन बाजूंनीं आवळीत. अशा दांड्यांस 'क्लिप-ऑन' म्हणतात. पुढें कारखान्यांनींच अशा गाड्या बनविण्यास सुरुवात केली. आपल्याकडे २००८ सालीं यामाहाची आर-१५ आली, पुढें पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या आरसी जातीच्या गाड्या आल्या, आणि महाविद्यालयांच्या आवारांतून ही ओणवी बैठक सर्रास दिसूं लागली.

आतां मौज अशी कीं, ही बैठक तिच्या स्वतःच्या घरीं तितकीशी त्रासदायक नाहीं. वाऱ्याचा रेटा गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जातांना छातीवर जो रेटा असतो, त्याच्या नऊपट तो १२० किलोमीटरला होतो. शर्यतीच्या मैदानावर स्वार याहूनहि जोरानें जातो, आणि समोरून येणारी हवा जणूं उशी होऊन त्याच्या छातीला आधार देते. धडाचा भार हातांवर यावयाचा, तो बराचसा हवेवर तरंगतो. शिवाय आंतरराष्ट्रीय दर्जाची मोठी शर्यतसुद्धां साधारण पाऊण तासांत आटोपते. आपला चाकरमानी आठ-नऊ तास बसतो, आणि तोहि कसा? पेण, माणगांव, महाड, चिपळूण अशीं गांवें ओलांडीत, ट्रकच्या मागें रखडत, खड्डे चुकवीत. रत्नागिरींत आल्यावर भाट्याच्या पुलावरून पांवसला जा, नाहींतर आरे-वाऱ्याच्या वळणांनीं गणपतीपुळ्यास जा. ताशीं ४० किलोमीटर गति पडली तरी ती चांगलीच म्हणावयाची. या गतीला हवेची उशी मिळत नाहीं. उशी काढून घेतली आणि बैठक मात्र तीच ठेवली, असा हा प्रकार आहे. गाडी सदोष नाहीं. ती ज्या वाऱ्याच्या भरंवशावर बांधली, तो वारा आपल्या रस्त्यावर भेटत नाहीं, एवढेंच.

मग हवेनें न उचललेला हा भार जातो कोठें? सत्तर किलो वजनाच्या माणसाचें कंबरेच्या वरचें शरीर, म्हणजे धड, डोकें आणि हात मिळून, सुमारें ४५ किलो भरतें. त्यांत दीड किलोचें शिरस्त्राण. सरळ बसलेल्या माणसाचा हा भार कण्यावरून थेट आसनावर उतरतो. माणूस पुढें झुकला, कीं तो भार त्याला पुढें पाडूं पाहतो, आणि पडूं न देण्याचें काम कोणाला तरी करावें लागतें. तें एकतर पोटाच्या, पाठीच्या आणि मांड्यांच्या स्नायूंनीं करावें, नाहींतर हातांनीं. स्नायु थकले, कीं काम मुकाट्यानें हातांकडे येतें, आणि हात हे काहीं खांब नव्हेत.

घाटाची उतरण ही यावर कडी. आंब्याहून साखरप्याकडे उतरतांना दर वळणावर ब्रेक लावावा लागतो. बेताचा ब्रेक लावला, तरी धड पुढें रेटलें जातें. गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश इतका तो मंदावण्याचा जोर धरला, तर ४५ किलोंच्या धडाचा तेरा-चौदा किलो इतका रेटा पुढें येतो, आणि गुडघ्यांनीं टांकी धरलेली नसेल तर तो सगळा मनगटांवर. एकदां नव्हे, घाट संपेपर्यंत शेंकडों वेळां.

मनगटांत आणि तळव्याच्या बुडाशीं दोन अरुंद वाटा आहेत. तळव्याच्या करंगळीकडील बुडाशीं जी वाट आहे, तिच्यांतून अल्नर नांवाचा मज्जातंतु जातो. त्यावर सतत दाब पडला, कीं करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. सायकलची लांब शर्यत करणाऱ्यांना हें दुखणें फार पूर्वींपासून माहीत आहे. मनगटाच्या मधोमध दुसरी वाट आहे; तेथील मज्जातंतु दबला, तर अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट बधिर होतें. म्हणजे कोणतीं बोटें बधिर होतात, यावरून दाब कोठें पडतो, हें घरच्याघरीं ओळखतां येतें. मुंग्या गाडीवरून उतरल्यावर थोड्या वेळांत जात असतील, तर बैठकीचा विचार करावा. दुसऱ्या दिवशींहि राहत असतील किंवा हातांतून वस्तु सुटूं लागली असेल, तर मिस्त्रीकडे न जातां आधीं डॉक्टरांकडे जावें. बधिर बोटांनीं ब्रेक किती दाबला गेला याचा अंदाज येत नाहीं, हा यांतील खरा धोका. दुखणें हें गौण.

आतां उपाय. पैसे खर्च करण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी. गाडी स्टँडवर उभी करावी. एकानें ती मागून घट्ट धरावी, आणि स्वारानें नेहमींच्या बैठकीनें बसून दोन्ही तळवे हँडलपासून दोन बोटें वर उचलावे. धड तत्काळ पुढें कोसळत असेल, तर स्वार हातांवर टेकून बसतो असें समजावें. मग मांड्यांनीं टांकी दाबून, पोटाचे स्नायु आवळून, तीच परीक्षा पुन्हां करावी. पुष्कळांचें असें ध्यानांत येतें, कीं अर्धें दुखणें हँडलचें नसून बसण्याच्या ढिलाईचें आहे. कोपरें ताठ ठेवून चालविणारा मनुष्य खड्ड्याचा प्रत्येक दणका खांद्यापर्यंत पोंचवितो. कोपरें किंचित् वांकलेलीं ठेवणारा तो वाटेंतच जिरवितो. टांकीच्या दोन्ही अंगांना रबराच्या पट्ट्या चिकटविल्या, तर मांड्यांची पकड घट्ट होते आणि खर्चहि क्षुल्लक.

दुसरी गोष्ट ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरांची. या लिव्हर हँडलभोंवतीं फिरवून खालींवर करतां येतात. बाहूपासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ आली पाहिजे, मनगट वर मुरडतां कामा नये. कारखान्यांतून येणारी गाडी सरासरी उंचीच्या माणसासाठीं लावलेली असते, आणि सरासरी उंचीचा माणूस प्रत्यक्षांत क्वचितच भेटतो. एक स्क्रू सैल करून लिव्हर अंशमात्र खालीं फिरविली, आणि मनगटाची कळ गेली, असें घडलेलें आहे. हें सर्व करून पाहिल्यावरहि त्रास उरला, तर मात्र हँडलला हात घालावा.

किती उंच करावें, हें ठरविण्याचीहि एक रीत आहे. त्याच स्टँडवरील गाडीवर स्वारानें डोळे मिटून, कोपरें सैल ठेवून, हात जेथें सहज येतील तेथें धरावे. दुसऱ्यानें पट्टी घेऊन त्या मुठींपासून हँडलपर्यंतचें अंतर मोजावें. हें दोन-चार वेळां करावें. बहुतेकांना इंच-सव्वा इंचाची उणीव आढळते. एखाद्याला तीन इंचांची आढळली, तर त्याच्याविषयीं पुढें बोलूं.

हँडल बसविण्याचे मुख्य प्रकार दोन. पुढच्या चाकाला धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्या वरच्या टोंकाला एका जाड पट्टीनें बांधलेल्या असतात. आमचे मिस्त्री तिला 'टी' म्हणतात. साध्या गाडींत एक अखंड वांकडी नळी या टीवर बसविलेली असते. तेथें काम सोपें आहे: नळी आणि टी यांच्यामध्यें ठोकळे घालावे आणि लांब बोल्ट लावावे. या ठोकळ्यांना बाजारांत 'रायझर' म्हणतात. स्पोर्ट्‌स गाडींत मात्र दोन वेगळाले क्लिप-ऑन दांडे असतात, आणि ते फोर्कच्या नळ्यांना आवळलेले असतात. येथें एकतर मूळ क्लिप-ऑनच्या जागीं उंच मानेचे क्लिप-ऑन घालावे लागतात, नाहींतर त्या विशिष्ट गाडीसाठीं बनविलेले उंचवटे.

यांत एक सूक्ष्म गोष्ट आहे. फोर्क उभा नसतो. स्पोर्ट्‌स गाडींत तो उभ्या रेघेपासून साधारण २५ अंश मागें कललेला असतो. त्यामुळें दांडा फोर्कच्याच रेघेंत ३० मिलिमीटर वर सरकविला, तर तो खरोखर सुमारें २७ मिलिमीटर उंच होतो, आणि १२-१३ मिलिमीटर मागें, म्हणजे स्वाराच्या अंगाकडे येतो. हें मागें येणें पाठीला सुखाचें, पण त्याबरोबर हँडल टांकीच्याहि जवळ येतें. या अर्ध्या इंचानें काय होतें, तें थोड्या वेळानें सांगतों.

इंचभरानें होणारा लाभ केवढा, याविषयीं मात्र अतिशयोक्ति नको. हँडल ३० मिलिमीटर वर आलें, तर पाठीचा कल तीन-चार अंशांनींच कमी होतो. तो चाळीस अंशांवरून छत्तीसावर आला असें धरलें, तर धडाचा पुढें पाडणारा जोर जेमतेम दहाव्या हिश्श्यानें घटतो. मग दुकानदार सांगतात तसा चमत्कार कसा घडावा? चमत्कार नसतोच, पण एका दहाव्या हिश्श्याखेरीज तीन लहान गोष्टी आणखी घडतात. मनगट सरळ होतें, कोपर वांकविण्यास जागा मिळते, आणि रस्ता पाहण्यासाठीं मान मागें मुरडावी लागते, ती थोडी कमी मुरडते. आठ तासांच्या प्रवासांत या चार लहान गोष्टींची बेरीज मोठी होते.

आतां ज्याच्यासाठीं मीं हा विषय घेतला, त्या भागाकडे येतों. हँडलला जोडलेल्या तारा आणि नळ्या कारखान्यानें मोजून घातलेल्या असतात. हँडल वर गेलें, कीं त्या सर्वांना तेवढें लांब व्हावें लागतें, आणि त्यांना तें येत नाहीं. गाडी सरळ उभी असतां सारें ठीक दिसतें. खोड दिसते ती हँडल पूर्ण वळविल्यावर. वेगाची तार अपुरी पडली, तर हँडल एका अंगाला पूर्ण वळवितांच ती ताणली जाते, आणि स्वारानें मूठ फिरविली नसतांहि इंजिन आपोआप चढूं लागतें. कल्पना करा: तीव्र वळणावर गाडी जवळजवळ थांबली आहे, एका बाजूस दरी आहे, स्वारानें हँडल पूर्ण वळविलें आहे, आणि त्याच क्षणीं गाडी स्वतः होऊन पुढें झेंपावते. क्लचची तार अपुरी पडली, तर क्लच अर्धवट सुटा राहतो आणि त्याच्या तबकड्या घासून जातात. तो खर्चाचा प्रश्न. ब्रेकच्या नळीची गोष्ट सर्वांत वाईट. ती एकदम तुटत नाहीं. रोज ताण खात तिच्या जोडापाशीं चीर पडते, आणि मग एखाद्या दिवशीं ब्रेक जोरानें दाबतांना तेथून तेल निसटतें.

म्हणून मिस्त्रीनें काम पुरें केल्यावर पैसे देण्यापूर्वीं पुढील परीक्षा त्याच्यासमोरच करावी. त्यांत संकोच मानूं नये; चांगल्या मिस्त्रीला तिचा राग येत नाहीं. गाडी अशा रीतीनें उचलून धरावी, कीं पुढचें चाक अधांतरीं राहील. चाक लोंबकळलें, कीं फोर्क पूर्ण लांब होतो, आणि ब्रेकच्या नळीला सर्वांत अधिक लांबी त्याच वेळीं लागते. चाक जमिनीवर टेकलेलें असतां नळी सैल दिसते आणि आपण फसतों. मग इंजिन चालूं करून, गियर न घालतां, हँडल सावकाश डावीकडे शेवटपर्यंत न्यावें, तसेंच उजवीकडे. इंजिनाचा आवाज एका सुरांत राहिला पाहिजे. किंचितहि चढला, तर तार अपुरी. नळी कोठेंहि ताठ होतां कामा नये, तिला पीळ पडतां कामा नये. हँडलवरील बटणांकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचा झुबका टीखालीं चेंगरत नाहीं ना, हेंहि पाहावें. इंचभर उंचीस पुष्कळ गाड्यांतून मूळच्या नळ्यांची वाट थोडी बदलून भागतें. दीड-दोन इंचांना लांब नळी घालणें भाग आहे. नळी बदलली, तर तेलांतील हवेचे बुडबुडे काढून टाकणें आलेंच, आणि हें काम सायकलच्या दुकानांत करून घेऊं नये.

याच वेळीं मघां सांगितलेला तो अर्धा इंच उपटतो. हँडल मागें आल्यामुळें तें पूर्ण वळविल्यावर मूठ टांकीला किंवा लिव्हर पुढच्या आवरणाला लागण्याचा संभव असतो. स्वारानें हातमोजे घालून मूठ धरावी आणि दोन्ही बाजूंना वळवून पाहावें. अंगठा आणि टांकी यांमध्यें निदान बोटभर फट राहिली पाहिजे. ती राहत नसेल, तर मिस्त्री एक 'सोपा' तोडगा सुचवितात: हँडल अडविणारा खुंट वाढवून त्याचें वळणेंच कमी करणें. तो कदापि मान्य करूं नये. कोंकणांतील बिदी अरुंद, अंगणें लहान. ज्या गाडीला पुरतें वळतां येत नाहीं, ती येथें वापरणें म्हणजे रोजची कसरत.

आणखी एक तोडगा ऐकूं येतो. फोर्कच्या नळ्याच टीमधून वर ओढून घ्याव्या, म्हणजे वर निघालेल्या टोंकांना क्लिप-ऑन उंच बसवितां येतात. हें दिसतें फुकटचें, पण त्यानें गाडीचा पुढचा भाग तेवढाच खालीं येतो, फोर्क अधिक उभा होतो, आणि गाडीचें सरळ जाण्याचें स्थैर्य कमी होतें. शर्यतवाले तें जाणून-बुजून, मिलिमीटर मोजून करतात. आरामासाठीं तें करणें हें डोकेदुखीसाठीं डोळ्यांत औषध घालण्यासारखें आहे.

ठोकळे कोणते घ्यावे, याविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे कोणत्याहि गांवीं लेथवाला असतो, आणि तो सांगाल तें कांतून देतो. त्याच्या कौशल्याविषयीं मला आदर आहे. परंतु तो जो अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वापरतो, तो कोणत्या मिश्रणाचा, हें त्यालाहि ठाऊक नसतें. हँडल तुटणें ही दुसरी संधि न देणारी घटना आहे. त्या गाडीच्या नांवानें, नांवाजलेल्या कंपनीनें बनविलेला भागच घ्यावा. बोल्ट लांब केले असतील, तर ते आंत किती शिरतात हें मोजावें. अ‍ॅल्युमिनियममध्यें बोल्टाच्या जाडीच्या दीडपट शिरले पाहिजेत, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट निदान १२ मिलिमीटर आंत हवा. आणि आवळतांना अंगांतील सर्व जोर न लावतां, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें, माप दाखविणाऱ्या पान्यानें आवळावे. अधिक आवळल्यानें आटे जातात, आणि गेलेले आटे वरून दिसत नाहींत.

आराम विकत घेतांना कांहीं गमवावेंहि लागतें. स्वार मागें सरला, कीं पुढच्या चाकावरील भार थोडा कमी होतो आणि वळणावर गाडीचें पुढचें अंग पूर्वीइतकें रस्त्याला चिकटल्यासारखें वाटत नाहीं. इंचभर उंचीनें हा फरक रोजच्या वापरांत नगण्य आहे. शर्यतींत तो जाणवेल, पण हातखंब्याच्या फाट्यावर कोणी शर्यत लावीत नाहीं, निदान लावूं नये. हँडल फार उंच केलें, तर मात्र उलटी आपत्ति येते. मोकळ्या रस्त्यावर शंभराच्या पुढें गेल्यावर छाती शिडासारखी वारा धरते, स्वार तोल सांभाळण्यासाठीं हँडलला लोंबकळतो, आणि त्याच्या हातांची ती ओढ गाडीला डोलवूं लागते. ज्याला तीन इंचांची उणीव आढळली असें मघां म्हणालों, त्यानें म्हणूनच ठोकळ्यांच्या नादीं लागूं नये. त्याला हँडल नको, गाडी दुसरी हवी.

आणि तशी गाडी कारखान्यांनींच करून ठेवलेली आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आर-१५ चेंच इंजिन घेऊन यामाहानें उंच, अखंड हँडलाची एमटी-१५ काढली. केटीएमच्या आरसीचें भावंड म्हणजे ड्यूक. रॉयल एनफील्डनें २०१८ सालीं ६५० सीसीच्या दोन गाड्या जोडीनें आणल्या: कॉन्टिनेन्टल जीटीला ठेंगणे क्लिप-ऑन, इंटरसेप्टरला रुंद आणि उंच हँडल, इंजिन दोहोंचें एकच. या जोड्यांकडे नीट पाहिलें, तर आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इंटरसेप्टरचें केवळ हँडल उंच नाहीं, पाय ठेवण्याच्या खुंट्याहि पुढें आहेत. आसन, हँडल आणि पायाच्या खुंट्या हा एक त्रिकोण आहे. त्याचा एकच कोपरा फार ओढला, तर गुडघे मागें दुमडलेले आणि पाठ सरळ, अशी विचित्र बैठक होते, आणि मनगटाचें दुखणें कंबरेत उतरतें.

कायद्याविषयीं दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हें कलम कसोशीनें पाळावें असाच निर्णय दिला. नोंदणीपुस्तकांत इंजिन, सांगाडा, रंग यांचे रकाने असतात, हँडलच्या उंचीचा नसतो. तरी बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें आणि विमा कंपनीला लेखी कळवावें. अपघातानंतर हा प्रश्न उपस्थित झाला, तर तेव्हां दिलेलें उत्तर कोणी ऐकत नाहीं.

हँडल बसवून झाल्यावर लगेच मुंबईचा रस्ता धरूं नये. पहिले आठ दिवस गांवांतल्या गांवांत चालवावी, मग पांवसपर्यंत जाऊन यावें. सुमारें शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हां मापानें तपासावे. नवे जोड थोडे बसतात आणि ढिले पडतात. घाटावरच्या माणसाचें काम एवढ्यावर भागतें. आपलें भागत नाहीं, कारण आपल्या हवेंत मीठ आहे, आणि वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यांत पोलादी बोल्ट बसविला आणि त्यांच्यामध्यें खारट ओल शिरली, कीं दोन धातूंमध्यें बारीकशी विजेची क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम आंतून झिजूं लागतें. बाहेर फक्त पांढरी भुकटी दिसते. म्हणून बसवितांना बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावावें कीं नाहीं, आणि लावल्यास आवळण्याचें माप किती कमी धरावें, हें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. मग दसऱ्याला गाडीची पूजा होतेच. तिच्या आदल्या दिवशीं हे चारहि बोल्ट एकेक करून बाहेर काढावे, पुसावे, आणि ती पांढरी भुकटी आढळली, तर ठोकळे बदलून मगच हार घालावा.